घरचे स्वर, पाहुणे स्वर

गोंदिया जिल्ह्यात देवरीच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वी एक भजन म्हणण्याचा प्रघात आहे. ते कोणी रचले हे तेथे कोणी विचारत नाही. चाल भैरवाची आहे. पेटी, ढोलक आणि टाळ एवढीच साथ असते. भजनाला आरंभ करण्याचा मान गावातील एका वृद्ध आजींकडे आहे. आजींना अक्षरओळख नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही हे भजन लिहून काढायला घेतले आणि आमच्या हातून त्या भजनावर एक अन्याय घडला. अन्याय हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहोत. कोणी म्हणेल, दोन स्वर चुकले, त्यात अन्याय कसला? तेच येथे तपासून पाहायचे आहे.

हेतू चांगला होता. गावची मुले शिक्षणासाठी गोंदियाला, नागपूरला जातात. तेथे कोणी कीबोर्ड शिकतो, कोणी गिटार, आणि त्याबरोबर पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकतो. आजींच्या पिढीनंतर हे भजन कोण म्हणणार, ही चिंता होती. मुलांना वाचता येईल अशा लिपीत ते उतरवून ठेवले तर टिकेल, असे आम्हांस वाटले. त्यासाठी आम्ही लिलीपाँड ही विनामूल्य संगणकप्रणाली वापरली. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच गृहस्थांनी १९९६ साली तिचे काम आरंभिले. तीत पडद्यावर स्वरांची टिंबे ओढून बसवावी लागत नाहीत. साध्या अक्षरांत मजकूर टंकायचा, आणि त्या मजकुरावरून यंत्र रेषा, टिंबे, चिन्हे यांचे सुबक पान तयार करते. पत्र लिहिता येणाऱ्याला गाणेही लिहिता यावे, अशी ही सोय आहे.

आता ज्या वाचकांना पाश्चात्त्य लिपीचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. त्या लिपीत प्रत्येक ओळीच्या आरंभी काही खुणा असतात, तिला 'की सिग्नेचर' म्हणतात. या गाण्यात अमुक स्वर सर्वत्र कोमल किंवा तीव्र समजावा, असा तो आरंभीचा करार असतो. एकदा ओळीच्या तोंडाशी सांगितले की पुढे प्रत्येक स्वराजवळ तेच सांगावे लागत नाही. कराराबाहेरचा एखादा स्वर मध्येच आला तर त्याच्यापुरती खूण त्याच्यापाशी करतात, आणि ती त्या एका खंडापुरतीच चालते. अशा खुणेला 'ॲक्सिडेंटल' असे नाव आहे. करारही कोणी मनाला येईल तसा करीत नाही. फ्लॅटच्या, म्हणजे कोमलाच्या, खुणा ठरलेल्या क्रमानेच येतात. एक असेल तर तो बी, दोन असतील तर बी आणि ई, तीन असतील तर त्यांत ए, चौथा डी. शार्पचाही असाच क्रम आहे. असे एकंदर १५ करार रूढ आहेत, आणि जगभर तेच चालतात.

पेटीच्या पांढरी एकला, म्हणजे सी या स्वराला, षड्ज मानले तर भैरवाचे कोमल रे आणि कोमल ध हे डी आणि ए यांचे फ्लॅट होतात. रूढ क्रमात हे चौथे आणि तिसरे. पहिले दोन भैरवाला नकोत, कारण त्याचे ग आणि नी शुद्ध आहेत. १५ करारांपैकी एकही भैरवाला बसत नाही. मग आम्ही काय केले? सर्वांत साधा, बिनखुणांचा करार आरंभी ठेवला आणि प्रत्येक कोमल रे, प्रत्येक कोमल ध मध्येच खूण करून दाखविला. पान खुणांनी बुजबुजून गेले. टंकताना डी या अक्षराला 'एस' जोडून 'डेस' लिहिले की कोमल होतो. दुसऱ्या कडव्यात दोन ठिकाणी आम्ही नुसता डी लिहिला. यंत्राने तो मुकाट्याने शुद्ध छापला. पाने वाटली गेली. मुलांनी महिनाभर पाठ केले. नाताळच्या रात्री दुसऱ्या कडव्यात बारा-पंधरा तरुण गळे एका सुरात शुद्ध ऋषभावर गेले, आणि आजी थांबल्या. पुढची कडवी त्यांनी म्हटली नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तेव्हा एवढेच म्हणाल्या, "बाबू, गानं चांगलं झालं. पन आमचं नाही वाटून रायलं."

चूक आमच्या बोटांची होती, हे खरे. परंतु ती महिनाभर कोणाच्याच डोळ्यांत का आली नाही? कारण आरंभीच्या करारानुसार शुद्ध रे हा नियम होता आणि कोमल रे हा अपवाद. अपवादाची खूण गळली तर उरतो तो नियम, आणि नियम पाहून कोणी दचकत नाही. उलट डी आणि ए यांच्या फ्लॅटचा, म्हणजे भैरवाचा स्वतःचा करार जर आम्ही आरंभी लिहिला असता, तर त्याच चुकीच्या जागी यंत्राने आपण होऊन एक 'नॅचरल' खूण छापली असती. इतक्या स्वच्छ पानावर ती एकटी खूण कुसळासारखी खुपली असती. गाण्याला त्याचा स्वतःचा कायदा दिला तर चूक ही चूक म्हणून दिसते. दुसऱ्याचा कायदा दिला तर सबंध गाणेच चुकांनी भरलेले दिसते, आणि खरी चूक त्यात लपून राहते.

'ॲक्सिडेंटल' या शब्दाकडेही थोडे पाहावे. थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानाची ज्यांना ओळख आहे त्यांना सारतत्त्व आणि 'ॲक्सिडेंट' हा भेद माहीत असतो. जे नसले तरी वस्तू तीच राहते, तो ॲक्सिडेंट. भैरवातून कोमल ऋषभ काढला तर भैरव उरतो काय? जो स्वर त्या रागाचा प्राण आहे, त्याला आम्ही प्रत्येक ओळीत दाराशी थांबवून त्याची ओळखचिठ्ठी तपासत होतो. घरच्या माणसाला आम्ही पाहुणा करून ठेवले होते.

हे सगळे पाश्चात्त्य लिपीचे पाप आहे, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आम्हांसही झाला. पण आपल्या घरात काय आहे? आपल्या संगीतशास्त्रात बिलावलाचे सात स्वर 'शुद्ध' आणि बाकीचे पाच 'विकृत' म्हटले जातात. भैरवीत चार स्वर कोमल. म्हणजे सातांपैकी चार विकृत! जुन्या ग्रंथांतील शुद्ध सप्तक आजच्या काफीला जवळचे होते असे जाणकार सांगतात. शुद्ध कशाला म्हणावे हा ठरविण्याचा भाग आहे, आणि तो एकदा ठरला की पुढच्या पिढ्यांना निसर्गनियम वाटू लागतो. पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी रागांची १० थाटांत व्यवस्था लावली आणि आपल्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ अशी योजना केली. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांची चिन्हे वेगळी होती. दोघांचे उपकार मोठे आहेत. परंतु भातखंडे लिपीतील भैरवीची बंदीश पाहा: पानभर रेघाच रेघा. येथेही बिलावल घरधनी आणि भैरवी पाहुणी.

कर्नाटक संगीताच्या पुस्तकांत मात्र स र ग म नुसते लिहितात, कोमल-तीव्राची खूण करीत नाहीत. वर रागाचे नाव असते, आणि ते नावच करार असते. ज्याला राग ठाऊक आहे त्याला आणखी सांगणे नको, आणि ज्याला ठाऊक नाही त्याने आधी गुरूकडे जावे. या पद्धतीत जो विश्वास आहे तो आम्हांस फार आवडतो. आमच्या कीबोर्डवाल्या मुलांना मात्र तो परवडणारा नाही.

भातखंड्यांचे १० थाट पांढरी एकवर मांडून आम्ही १५ करारांशी ताडून पाहिले. बिलावल, खमाज, काफी, आसावरी, भैरवी आणि कल्याण हे सहा बिनतक्रार बसतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार बसत नाहीत. यांपैकी भैरव, पूर्वी आणि मारवा हे तर दिवस-रात्रीच्या संधीवर गायिल्या जाणाऱ्या रागांचे थाट. रूढ लिपीला भर दिवसाचे आणि पुऱ्या रात्रीचे राग लिहिता येतात, उजाडताना आणि मावळताना ती अडखळते! हे विधान शास्त्राच्या काट्यावर पुरेपूर उतरणार नाही, कारण तोडी पहाटेची नसून सकाळची आहे, हे आम्ही जाणतो.

गंमत अशी की या साऱ्या खुणांचे मूळ ख्रिस्तसभेच्या उपासनागीतात आहे. अकराव्या शतकात ग्विदो द'अरेझ्झो या मठवासी साधूने रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत रूढ केली. ग्रेगोरियन गायनात त्या काळी बदलणारा स्वर एकच होता, बी. तो दोन प्रकारे लिहीत: गोल पोटाचा आणि चौकोनी. गोल बी ला 'मोल्ले' म्हणत, चौकोनी बी ला 'दुरुम'. आजची फ्लॅटची खूण म्हणजे तोच गोल बी. आणि मोल्ले या लॅटिन शब्दाचा अर्थ काय? मऊ, कोमल. हजारो मैलांच्या अंतरावर दोन परंपरांनी उतरलेल्या स्वराला एकच विशेषण दिले. त्या साधूंनी पहिला कोमल स्वर लिहिला तेव्हा पंधरा करारांचा कायदा कोणाला ठाऊक नव्हता. गाण्याला गरज पडली आणि खूण जन्मली. क्रम, पाठांतर, परीक्षा हे मागाहून आले. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान द्यावा असे सांगितले. त्याच्या कितीतरी आधी रेव्ह. ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती भजनाला देशी वळण दिले होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने टिळकांना नवा करार वाचण्यास दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तो लोहमार्ग आमच्या गोंदियावरून जातो.

असो. उपाय शोधताना कळले की लिलीपाँडमध्ये तो पहिल्यापासून होता, आम्हीच पाहिला नव्हता. त्यात रूढ करारांपुरतेच थांबावे लागत नाही. सी ला शून्य धरून सात स्वरांना क्रमांक आहेत. कोणता क्रमांक उतरवायचा वा चढवायचा याची यादी आपण लिहायची. भैरवासाठी एक आणि पाच या क्रमांकांपुढे फ्लॅट लिहिले की झाले. त्या यादीला 'भैरव' असे नाव देऊन ठेवता येते, आणि पुढे 'मेजर' लिहावे तसे 'भैरव' लिहिता येते. अरबी आणि तुर्की संगीतासाठी अशा याद्या या प्रणालीत तयारच आहेत. एबीसी नावाची दुसरी एक अक्षरलिपी आहे, इंग्लंडच्या क्रिस वॉल्शॉ यांची. तिच्या नियमावलीत वेगळ्या कराराचे उदाहरण म्हणून डी फ्रिजियनमध्ये एफ शार्प घालून दाखविला आहे. ज्यू लोकांच्या आणि अरबांच्या गाण्यांत तो सर्रास आढळतो. आपण त्याच स्वरांना बसंत मुखारी म्हणतो. बेला बार्टोक यांच्या 'मिक्रोकॉसमॉस'मध्येही असे रूढीबाहेरचे करार आहेत, आणि ते पुस्तक मुलांना पियानो शिकविण्यासाठी रचलेले आहे. वाट नवी नव्हती. आम्ही तिच्यावर उशिरा आलो.

या दोन लिप्यांत एक भेद आहे, तो आम्हांस विचार करायला लावणारा वाटला. एबीसीत आरंभीचा करार स्वराला बदलतो. नुसता एफ लिहिला आणि करारात तो शार्प असला तर तो शार्पच वाजतो. लिलीपाँडमध्ये तसे नाही. तेथे प्रत्येक स्वराने आपले पूर्ण नाव सांगावे लागते. करार काहीही असो, डेस हा डेस आणि डी हा डी. करार फक्त वाचणाऱ्याला ते कसे दिसावे हे ठरवितो. एकीकडे कायदा माणसाला घडवितो, दुसरीकडे माणूस आधीच काय आहे ते कायद्याने फक्त नीट दाखवायचे. आमचा कल दुसरीकडे आहे. मात्र पहिलीत कष्ट कमी आणि गळती कमी, हेही कबूल केले पाहिजे. आमचे दोन डी तिच्यात गळले नसते.

नवी पाने छापली. आता पान स्वच्छ होते: ओळीच्या तोंडाशी दोन फ्लॅट, पुढे एकही खूण नाही. आम्ही समाधानाने सरावाला गेलो. कीबोर्डवर बसलेल्या मुलाने पान पाहिले, मान हलविली आणि वाजवू लागला. भजनाचा काफी झाला! आम्ही त्याला थांबविले. तो गोंधळून म्हणाला, "सर, दोन फ्लॅट आहेत ना? बी आणि ई." त्या खुणा कोणत्या रेषेवर आहेत हे त्याने पाहिलेच नव्हते. दोन म्हणजे बी आणि ई, हे त्याच्या हाताला इतके पक्के होते की डोळ्यांची गरज उरली नव्हती. वर्षभर मन लावून शिकल्याचे ते फळ होते. त्याला दोष कसा द्यावा?

तेथे आम्हांस रूढ कराराची बाजू प्रथम नीट कळली. पंधरा करार पाठ असलेला माणूस कोणत्याही देशातल्या देवळात जाऊन अनोळखी पान उघडून वाजवू शकतो. हा सामायिक कायदा परक्याला दिलेला मान आहे. प्रत्येक गाणे आपापला कायदा घेऊन आले तर परका बाहेरच राहील. आमचे पहिले पान आजींना परके झाले, दुसरे या मुलाला. दोन अन्यायांपैकी कोणता पत्करावा, असा प्रश्न उभा राहिला. आम्ही दुसरा पत्करला. त्याचे कारण सांगतो. मुलाची अडचण दहा मिनिटांत सांगून दूर होते आणि त्यातून तो काही शिकतो. आजींची अडचण सांगून दूर होत नाही. त्यांना गाणे सोडावे लागते. ज्याला शिकता येईल त्याने भार उचलावा, ज्याच्यापाशी जपण्यासारखे आहे त्याच्यावर तो टाकू नये, एवढेच आमचे गणित होते. यालाही अपवाद असतील. नागपूरच्या एखाद्या मोठ्या गायनवृंदाला उद्या हे भजन एका सरावात उभे करायचे झाले, तर आम्ही पहिल्या रीतीचे पानही देऊ, मात्र दहा वेळा तपासून.

पुढे कामाला चटक लागली. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटके चालतात. तेथील गाण्यांत पाचच स्वरांत फिरणाऱ्या चाली कानांवर पडतात. सा रे ग प ध. तिला कोणता करार द्यावा? हेच पाच स्वर भूप रागाचे आणि हेच देशकाराचे. भूप कल्याण थाटात मोडतो, देशकार बिलावलात. थाटाप्रमाणे करार लिहिला तर भूपाच्या पानावर तीव्र मध्यमाची खूण येईल, देशकाराच्या येणार नाही. दोघांतील फरक अशा स्वराच्या खुणेने दाखविला जाईल की जो दोघांपैकी कोणीच गात नाही! गवयाच्या मनात तो फरक खरा असतो. पण मंडईतल्या त्या गाणाऱ्याच्या वतीने, जो मध्यम त्याने कधी उच्चारलाच नाही त्याविषयी साक्ष द्यायचा आम्हांस काय अधिकार? आम्ही ओळीचे तोंड मोकळे सोडले. यंत्र त्यालाही हरकत घेत नाही.

आणखी एक मोह आम्ही टाळला. भैरवाचा कोमल ऋषभ पेटीच्या काळ्या पट्टीवर जसाच्या तसा सापडत नाही, आणि तो झुलत राहतो, हे सर्वश्रुत आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली २२ श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि इ. क्लेमेंट्स या न्यायाधीशाच्या सहकार्याने श्रुतींची पेटीही झाली. ती गवयांच्या गळ्यांत उतरली नाही. लिलीपाँडमध्ये अर्ध्या स्वराहून सूक्ष्म अंतरेही करारात लिहिता येतात. आजींचा ऋषभ मोजून, अपूर्णांकात बसवून, ओळीच्या तोंडाशी छापणे आमच्या हाती होते. पण तो त्या रात्रीच्या त्या ऋषभाचा अपूर्णांक झाला असता. जे कानांनी घ्यायचे ते कानांसाठी ठेवावे, असे ठरवून आम्ही दोन साधे फ्लॅट ठेवले आणि वर देवनागरीत लिहिले: भैरव, सा पांढरी एक.

यंदाच्या पहिल्या सरावाला आजी आल्या होत्या. थंडी होती, त्या घोंगडी घेऊन पेटीच्या जवळ बसल्या. कीबोर्डवाल्या मुलाने आपल्या पानावर त्या दोन खुणांभोवती पेन्सिलीने गोल केला होता. दुसऱ्या कडव्याला आम्ही श्वास रोखून बसलो. मुले कोमल ऋषभावर बरोबर उतरली. तरी आजींनी बोट वर केले. त्यांनी ती ओळ एकटीनेच पुन्हा म्हटली, ऋषभ किंचित खाली, किंचित हलता. मुलाने एकदा पानाकडे पाहिले, मग पट्ट्यांवरून हात काढून घेतला आणि तो ऐकत राहिला.